‘विकिपीडियावर खोटं लिहिलंय’ म्हणणाऱ्यांसाठी

माघी पौर्णिमा जवळ आली की मलंगगडाच्या पायथ्याशी पोलीस बंदोबस्त वाढतो आणि अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूर, कल्याणच्या मोबाइलवर इतिहासाचा पूर येतो. एका मेसेजमध्ये हा फक्त हाजी मलंगबाबांचा दर्गा असतो, दुसऱ्यात ही फक्त मच्छिंद्रनाथांची समाधी असते. दोन्हींखाली लिहिणाऱ्याचे नाव नसते, तारीख नसते, पुरावा तर नसतोच. ग्रुपमधला एखादा शहाणा माणूस ‘विकिपीडियावर बघून घ्या’ असे सुचवतो. त्यावर दोन्ही बाजूंचे एकमत होते : ‘त्याला काय अर्थ आहे? तिथं कुणीही काहीही लिहितं. आमच्याबद्दल तर सगळं खोटंच लिहिलंय.’

एरवी कशावरच एकमत न होणारी माणसे या एका वाक्यावर एक होतात, म्हणून ते वाक्य तपासून पाहायला हवे. ‘कुणीही लिहितं’ हे खरे आहे. पण त्या ‘कुणीही’मध्ये आपण का नसतो, हा प्रश्न कुणी विचारत नाही. वर्तमानपत्राच्या संपादकाने आपले पत्र छापले नाही तर तक्रार रास्त आहे. पाठ्यपुस्तक मंडळाने आपल्याला विचारले नाही तर तीही रास्त आहे. पण ज्या पानावर ‘संपादन’ असा शब्द ठळकपणे लिहिलेला आहे, ज्यावर बोट ठेवले की लेखणी आपल्या हातात येते, त्या पानाबद्दल वर्षानुवर्षे नुसती तक्रार करणे याला मी अन्याय म्हणणार नाही. याला आळस म्हणतात.

सातबारा आणि फेरफार

विकी म्हणजे काय, हे आधी नीट समजून घेऊ. वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन प्रोग्रामरने २५ मार्च १९९५ रोजी पहिली विकी सुरू केली. हवाई बेटांच्या भाषेत ‘विकी विकी’ म्हणजे झटपट. वाचणाऱ्यालाच पान तिथल्या तिथे दुरुस्त करता यावे, ही साधी कल्पना. तिच्यावर १५ जानेवारी २००१ला इंग्रजी विकिपीडिया उभा राहिला आणि १ मे २००३ला, म्हणजे महाराष्ट्रदिनी, मराठी विकिपीडिया. मराठीला कोशांची परंपरा त्याआधीची आहे. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी १९२०च्या दशकात ज्ञानकोशाचे २३ खंड पुरे केले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या नेतृत्वाखाली वाईला मराठी विश्वकोश आकाराला आला. ती विद्वानांची कामे होती. विकीने सामान्य वाचकाला त्या मांडीला मांडी लावून बसवले.

आता ‘कुणीही काहीही लिहितं’ या आक्षेपाकडे येऊ. बदलापूर-अंबरनाथच्या माणसाला हे समजावण्यासाठी संगणकाची भाषा लागत नाही. जमिनीचे व्यवहार आपल्याला चांगले कळतात. सातबारा म्हणजे आज काय स्थिती आहे त्याचा उतारा. पण नुसत्या सातबाऱ्यावर विसंबून शहाणा माणूस जमीन घेत नाही. तो गाव नमुना ६ काढतो, म्हणजे फेरफार. कुणाचे नाव कधी चढले, कशाच्या आधारे चढले, कुणाचे कमी झाले, कुणी हरकत घेतली, ते तिथे दिसते.

विकीचे अगदी असेच आहे. समोर दिसते ते पान हा सातबारा. त्याच्या वर ‘इतिहास’ नावाचा दुवा असतो, तो फेरफार. पान तयार झाल्यापासून आजपर्यंतचा प्रत्येक बदल तिथे आहे : कोणत्या सदस्याने, कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणता शब्द काढला आणि कोणता घातला. दोन आवृत्त्या शेजारी ठेवून फरक पाहता येतो. बाजूला ‘चर्चा’ नावाचे पान असते, ती हरकतींची वही. कुणी खोडसाळपणा केला तर जुनी आवृत्ती परत आणायला अर्धे मिनिट लागते, आणि खोडसाळपणा कुणी केला याची नोंदही राहते.

आता व्हॉट्सअॅपच्या मेसेजला विचारा, तुझा फेरफार कुठे आहे? तुझी हरकतींची वही कुठे आहे? ज्याला उगम नाही, इतिहास नाही, दुरुस्तीची सोय नाही, त्यावर आपण भांडणे करतो. आणि ज्याचा प्रत्येक शब्द कुणी लिहिला हे दिसते, त्याला मात्र ‘विश्वासार्ह नाही’ म्हणतो. हा उलटा न्याय झाला.

मलंगगडाचे पान कसे लिहावे

मलंगगडाचेच उदाहरण घेऊ, कारण कसोटी तिथेच लागते. १८८२ साली छापलेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये या डोंगराची नोंद आहे. तिथे हाजी अब्दुल रहमान या अरब धर्मप्रसारकाची कबर सांगितली आहे आणि नल राजाची आख्यायिकाही दिली आहे. १७८०च्या इंग्रजी चढाईचा उल्लेख आहे. इंग्रज गेल्यावर पेशव्यांच्या वतीने कल्याणच्या काशिनाथपंत केतकरांनी दर्ग्याला नजराणा नेल्याची हकिकत आहे. पुढे १८१७मध्ये कल्याणच्या मुसलमानांनी ब्राह्मणाच्या वहिवाटीला हरकत घेतली. तेव्हा कलेक्टरने बाबांची इच्छा काय आहे हे चिठ्ठ्या टाकून पाहायचे ठरवले. तीनदा चिठ्ठी टाकली आणि तिन्ही वेळा ती काशिनाथपंतांच्या प्रतिनिधीच्या बाजूने पडली, असेही त्यात लिहिले आहे.

हा सगळा मजकूर एकत्र वाचला की लक्षात येते, हा इतिहास कुणा एकाच्या सोयीचा नाही. म्हणूनच दोन्ही बाजूंचे मेसेज तो अर्धा कापतात. एक बाजू केतकर गाळते, नजराणा गाळते, आरतीला उभे राहणारे हिंदू भाविक गाळते. दुसरी बाजू हाजीच गाळते, आणि मग गाळलेल्या जागेवर ‘मुक्ती’ची भाषा सुरू होते. नावावरून तर निवडणुका लढवल्या जातात.

विकीची पद्धत या भांडणाला उत्तर देते, आणि ती पद्धत कुणा संताची नाही, साध्या कारकुनी शिस्तीची आहे. तिचे तीन मुख्य नियम आहेत. पहिला, तटस्थ दृष्टिकोन : ‘हे अमुकच आहे’ असे ठोकून न देता ‘अमुक लोक असे मानतात, तमुक कागदात असे नोंदले आहे’ असे लिहायचे. दुसरा, पडताळता येणे : प्रत्येक महत्त्वाच्या विधानाखाली वाचकाला उघडून पाहता येईल असा संदर्भ द्यायचा. तिसरा, मूळ संशोधन नको : मला काय वाटते, आमच्या आजोबांनी काय सांगितले, हे तिथे चालत नाही. आधी कुठेतरी प्रसिद्ध झालेले असले पाहिजे. नावाच्या वादावर तर साधी तांत्रिक सोय आहे, तिला पुनर्निर्देशन म्हणतात. ‘हाजी मलंग’ शोधा, ‘मलंगगड’ शोधा, ‘श्रीमलंगगड’ शोधा, वाचक एकाच पानावर पोहोचतो आणि तिथे तिन्ही नावांचा हिशेब वाचतो.

याच दर्ग्याच्या जमिनीसंबंधीचा एक खटला १९६८ साली सर्वोच्च न्यायालयात गेला होता : गोपाळ कृष्णाजी केतकर विरुद्ध महंमद हाजी लतीफ. कायद्याचे विद्यार्थी तो आजही वाचतात, पण दर्ग्यासाठी नाही. त्यात पुराव्याचे एक तत्त्व आहे. शाबितीची जबाबदारी तुमच्यावर नसली तरी, महत्त्वाचा कागद तुमच्या हाती असून तुम्ही तो दडवून ठेवला, तर न्यायालय तुमच्याविरुद्ध अनुमान काढू शकते. मला वाटते, आपल्या सगळ्या ट्रस्ट, जमाती, वक्फ समित्या, मंदिर समित्या आणि त्यांच्या कपाटांनी हे तत्त्व चौकटीत लावून ठेवावे. सनदा, जुने फोटो, निकालपत्रे कुलपात ठेवायची आणि बाहेर ‘आमचा इतिहास पुसला जातोय’ म्हणायचे, हे दोन्ही एकत्र चालणार नाही. कागद दाखवा. तो छापून येऊ द्या. मग त्याचा संदर्भ द्यायला कुणी अडवत नाही.

आपल्या सोयीची तारीख

इथे मला आपल्याच लोकांशी भांडायचे आहे. ९ जानेवारी २०२५ रोजी पत्रकार दिलीप मंडल यांनी जाहीर दावा केला की फातिमा शेख हे पात्र आपणच रचले. आपल्याकडे संताप उसळला. तो योग्यच होता, कारण सावित्रीबाईंच्या १० ऑक्टोबर १८५६च्या पत्रात फातिमाचा उल्लेख आहे आणि ते पत्र मा. गो. माळी यांनी संपादित केलेल्या समग्र वाङ्मयात कधीच छापून आले आहे. एका छापील पानाने तो दावा कोसळतो. पण त्याच दिवशी आपण सगळे फातिमाबींची ‘जयंती’ही साजरी करत होतो. त्या जन्मतारखेसाठी समकालीन कागद मात्र कुणी पुढे ठेवलेला नाही. २०२२मध्ये गूगलने त्या तारखेला चित्र लावले, म्हणून ती तारीख सिद्ध होत नाही.

जे भक्कम आहे त्याच्या जोडीला आपण डळमळीत गोष्टी चिकटवतो, आणि विरोधक डळमळीत बाजूला धक्का देऊन भक्कम गोष्टही पाडू पाहतो. विकीचा पडताळणीचा नियम आपल्याला जाचक वाटतो, पण अल्पसंख्याकाला त्याच्याइतके दुसरे संरक्षण नाही. बहुसंख्याकाचे विधान संदर्भाशिवायही खपते. आपले खपत नाही, हे आपण रोज अनुभवतो. मग संदर्भ देण्याची सवय आधी कुणाला लागायला हवी?

शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ मराठीत लिहिला, अमर शेखांनी मराठीत शाहिरी केली, हमीद दलवाईंनी मराठीतच भांडण मांडले. तरी आमच्या शिकलेल्या पोरांना मराठी विकिपीडिया ‘त्यांचा’ वाटतो. मराठीत नियमित संपादन करणारे हात मोजकेच आहेत. जिथे हात मोजके, तिथे त्या हातांचे आग्रह आणि अज्ञान पानांवर उतरणार. यावर बहिष्कार हा उपाय नाही. आणखी हात हा उपाय आहे.

‘आमचं लिहिलेलं ते काढून टाकतील’ ही भीती अगदीच खोटी नाही. काही वेळा काढतीलही. पण संदर्भासह लिहिलेला मजकूर काढणाऱ्याची नोंद इतिहासात राहते, चर्चेत त्याला कारण विचारता येते, चावडीवर विषय नेता येतो, प्रचालकांकडे दाद मागता येते. हरलात तरी फेरफाराला तुमची हरकत लागलेली असते. गप्प बसलेल्याची हरकत कुठेच नोंदली जात नाही.

मोजणीचा उत्सव

दुसरे भांडण कार्यशाळांशी. मराठी भाषा पंधरवडा आला, २७ फेब्रुवारी आली की महाविद्यालयांत विकिपीडियाच्या कार्यशाळा होतात. हेतू चांगला असतो. पण संध्याकाळी अहवालात ‘इतकी पाने तयार झाली’ एवढाच आकडा जातो. ती पाने बघा : दोन ओळींची, संदर्भ नसलेली, यंत्राने इंग्रजीतून उलथवलेली, किंवा वर्तमानपत्रातून सरळ उचललेली. उचललेला मजकूर प्रताधिकाराचा भंग म्हणून काढला जातो, आणि विद्यार्थ्याला वाटते की विकिपीडियाने आपला अपमान केला. काही ठिकाणी तर संस्थेच्या अध्यक्षांचे चरित्रच पहिल्या दिवशी लिहायला देतात. ‘लाडके’, ‘कार्यसम्राट’, ‘झुंजार’ ही विशेषणे बॅनरवर शोभतात, कोशात नाही. स्वतःबद्दल, आपल्या नेत्याबद्दल, आपल्या दुकानाबद्दल लिहू नये, हा विकीवरचा पहिला शिष्टाचार आहे.

शंभर नवी पाने काढण्यापेक्षा दहा जुनी पाने दुरुस्त करा. अंबरनाथच्या शिवमंदिराचे उदाहरण घ्या. तिथे शिलालेख आहे, शक ९८२चा, म्हणजे इ. स. १०६०. शिलाहार राजा मुम्मुणी याच्या काळातला. शैली भूमिज. तरीही ‘पांडवांनी एका रात्रीत बांधले’ हे वाक्य मेसेजमधून फिरत राहते. ते वाक्य हाकलून द्यायची गरज नाही, लोक शेकडो वर्षे काय सांगत आले हेही ज्ञानच आहे. फक्त त्याची जागा ‘आख्यायिका’ या मथळ्याखाली आहे, ‘इतिहास’ या मथळ्याखाली नाही. एका परिच्छेदाची जागा बदलणे, एवढेच काम. पण ते करणारा विद्यार्थी पुरावा म्हणजे काय ते शिकतो. आकडा मोजणारा शिकत नाही.

नवख्या माणसाने सुरुवात कशी करावी, तेही सांगतो. सदस्य खाते उघडा. धूळपाटीवर हात बसवा, तिथे चुकले तरी कुणी रागवत नाही. मराठी टंकलेखनाची सोय विकिपीडियावरच आहे. पहिल्याच दिवशी मलंगगडाला हात घालू नका, ते पोहायला शिकताना पुरात उडी मारण्यासारखे आहे. शुद्धलेखन सुधारा, तुटलेला दुवा जोडा, एका विधानाला संदर्भ द्या. प्रत्येक बदलाखाली ‘काय आणि का बदलले’ याची एक ओळ लिहा. आपल्या स्टेशनचा, तलावाचा, मशिदीच्या जुन्या कमानीचा फोटो स्वतः काढा आणि विकिमीडिया कॉमन्सवर चढवा, गूगलवरून उचलू नका. कुणी तुमचा बदल उलटवला तर पुन्हा तोच टाकू नका, चर्चा पानावर जाऊन विचारा. महिनाभर हे केलेत की वादाच्या पानावर बोलायचा अधिकार आपोआप येतो.

जे विकिपीडियात मावत नाही

विकिपीडियाची एक मर्यादा मात्र मान्य करायला हवी, आणि ती आपल्या तीन शहरांना सगळ्यात जास्त भोवते. जे छापले गेले नाही ते तिथे लिहिता येत नाही. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आणून ठेवले आणि ८ ऑगस्ट १९४९ला त्या छावणीचे उल्हासनगर झाले, एवढे छापील आहे. पण बराकीत पडदे लावून चार कुटुंबे कशी राहिली, कॅम्प नंबर हाच पत्ता कसा झाला, ‘मेड इन यूएसए’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ हा विनोद आधी कुणी हसण्यावारी नेला आणि कुणाला झोंबला, हे म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आहे. त्यांतल्या अनेकांनी लिहिलेच तर अरबी वळणाच्या सिंधी लिपीत. सिंधी विकिपीडियाही त्याच लिपीत आहे, आणि उल्हासनगरची नातवंडे ती लिपी वाचू शकत नाहीत. आजोबा गेले की घरातली वहीसुद्धा मुकी होते. उर्दूबाबत आपल्या घरांतही हेच होत आहे, हे सांगायला नको.

बदलापूरचा प्रश्न आणखी रोकडा आहे. २७ जुलै २०१९ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान पुरात अडकली. हजाराच्या आसपास प्रवासी होते, ती बातमी देशभर गेली. पण त्या दिवशी आणि २६ जुलै २००५ला उल्हास नदीचे पाणी कोणत्या गल्लीत कितव्या पायरीपर्यंत आले, हे जुन्या रहिवाशाशिवाय कुणाला ठाऊक नाही. आज तिथे कर्ज काढून घर घेणाऱ्याला बिल्डरचे माहितीपत्रक बाग दाखवते, पाण्याची खूण दाखवत नाही. गल्लीवार, तारीखवार, फोटोसह ही नोंद एका ठिकाणी असेल तर एखाद्या कुटुंबाची आयुष्याची कमाई वाचेल.

यासाठी आपली स्वतःची विकी उभारावी लागेल. ते वाटते तितके अवघड नाही. विकिपीडिया ज्यावर चालतो ते मीडियाविकी हे सॉफ्टवेअर मोफत आहे. भाड्याची सर्व्हर-जागा, पीएचपी, मारियाडीबीसारखा डेटाबेस आणि एक डोमेन, एवढे लागते. आपल्या महाविद्यालयांतल्या संगणक शाखेच्या मुलांना हा आठवड्याचा प्रकल्प आहे. अवघड आहे ते पुढचे. खाते न उघडता कुणालाही लिहू देऊ नका, नाहीतर महिन्याभरात जाहिराती टाकणारे बॉट पाने भरून टाकतील. प्रचालक किमान तीन नेमा, तिघे तीन मोहल्ल्यांतले, शक्य तर तीन जमातींतले. पासवर्ड एकाच माणसाच्या खिशात ठेवू नका, नाहीतर तो रुसला की इतिहास रुसतो. दर आठवड्याला बॅकअप घ्या आणि एक प्रत दुसऱ्या जागी ठेवा. मजकुराचा परवाना पहिल्याच दिवशी ठरवा. विकिपीडियाचा क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना, नाव देऊन कुणालाही वापरू देणारा, चांगला आहे. ज्याची आठवण नोंदवता त्याची संमती घ्या. जिवंत खासगी माणसाचा फोन, पत्ता, आजार, भांडण यातले काहीही चढवू नका.

हे सगळे आत्ताच का? कारण आता माणसांबरोबर यंत्रेही विकी वाचतात. ज्या चॅटबॉटला आपली मुले गृहपाठ विचारतात, ती यंत्रे विकिपीडियाचा मजकूर खाऊनच मोठी झाली आहेत. पानावर जे असेल ते ती गोड भाषेत सांगतील, पानावर जे नसेल त्या जागी अंदाज ठोकतील, आणि तिथे ‘इतिहास’ नावाचा दुवा नसेल, ‘चर्चा’ पानही नसेल. मलंगगडाबद्दल, उल्हासनगरच्या कॅम्पांबद्दल, आपल्या मोहल्ल्याबद्दल पुढच्या पिढीला काय सांगितले जाईल, ते आज कोण लिहायला बसतो यावर ठरणार आहे.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी ग्रुपवर ‘विकिपीडियावर खोटं लिहिलंय’ असे म्हटले, तर त्याला तीन गोष्टी विचारा : कोणते वाक्य? खरे काय? आणि त्याचा कागद कुठे आहे? तिन्हींची उत्तरे त्याच्याकडे असतील तर त्याला सांगा, ‘मग भाई, संपादन दाबा.’ आणि उत्तरे नसतील, तर निदान तो मेसेज पुढे पाठवू नका.